फणसाचा चीक आणि सीलची चरबी

दोस्तांनो, मागे एक पत्र आलं. सातवीतल्या एका मैत्रिणीचं. ती लिहिते, "आमच्या घरात सध्या तुपावरून भांडण चाललं आहे. बाबांनी कुठंतरी वाचलं की कीटकनाशकं दुधा-तुपात साठून राहतात. त्यांनी तूप बंद करून टाकलं. आजी म्हणते, तुझ्या आजोबांनी ऐंशी ओलांडली ती तुपावरच. आई म्हणते, तुम्ही दोघं काय ते ठरवा, तोवर मी वरण-भात वाढते. आमच्यात कोण बरोबर आहे?"

पत्र वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, प्रश्न मुळीच हसण्यासारखा नाही. म्हणून आजचा लेख त्या पत्राला उत्तर म्हणून. कोण बरोबर ते शेवटी सांगतो. त्याआधी आपल्याला स्वयंपाकघरातून निघून थेट उत्तर ध्रुवापर्यंत जाऊन यायचं आहे. चला तर मग!

तुमच्यापैकी जे उन्हाळ्याच्या सुट्टीत कोकणात जातात त्यांनी फणस कापताना पाहिलाच असेल. फणसाला हात घालण्याआधी आजी काय करते? हाताला आणि विळीला खोबरेल तेल चोपडते. का बरं? कारण फणसाचा चीक भारी चिवट. तो एकदा बोटांना लागला की बादलीभर पाणी ओता, साबण घासा, ढिम्म हलत नाही. पण चमचाभर तेल लावून चोळलं की सुटतो. चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो.

असंच दुसरं उदाहरण तुमच्या रोजच्या आमटीत आहे. आमटीवर जो तवंग येतो तो नेहमी पिवळा-लाल का असतो? हळदीचा रंग पाण्यात नीट विरघळत नाही, तेलात विरघळतो. खोटं वाटत असेल तर करून बघा. काचेच्या बाटलीत अर्धं पाणी घ्या. त्यात चार चमचे गोडंतेल आणि चिमूटभर हळद टाका. झाकण लावून जोरात हलवा आणि अर्धा तास ठेवून द्या. वरचं तेल पिवळंधमक आणि खालचं पाणी त्यामानानं फिकट दिसेल. पाणी तेलापेक्षा कितीतरी जास्त होतं, पण रंगानं मात्र तेलच निवडलं.

बस्स, एवढी एक गोष्ट लक्षात ठेवा. जगात काही पदार्थ पाण्याचे मित्र असतात, उदाहरणार्थ मीठ आणि साखर. आणि काही तेलातुपाचे मित्र असतात.

आता आपल्या शरीरात काय होतं ते बघू. नको असलेल्या गोष्टी बाहेर टाकायचा शरीराचा एक मोठा रस्ता म्हणजे मूत्रपिंडं. पण तो रस्ता पाण्याचा आहे. जे पाण्यात विरघळतं ते लघवीवाटे निघून जातं. जे विरघळत नाही त्याचं आपलं यकृत रूप बदलतं, ते पाण्यात विरघळेल असं करतं आणि मग त्याला निरोप देतं. यकृत हे काम दिवसरात्र करत असतं. पण काही पदार्थ असे आहेत की त्यांच्यापुढे यकृताचंही फारसं चालत नाही. मग ते पदार्थ जातात कुठं? त्यांना जिथं विरघळता येतं तिथं, म्हणजे चरबीत. आणि तिथं ठाण मांडून बसतात, महिनोन् महिने, वर्षानुवर्षं.

असे पदार्थ निसर्गात फारसे नव्हते. ते आपण माणसांनी बनवले. त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव म्हणजे डी.डी.टी.

डी.डी.टी.चं नाव ऐकून लगेच नाक मुरडू नका बरं! पॉल म्युलर या स्विस शास्त्रज्ञाला १९३९ साली कळलं की ही पांढरी पूड किड्यांना मारते. त्यासाठी १९४८ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळालं. आपल्या देशात तेव्हा हिवतापानं कहर केला होता. वर्षाला सुमारे साडेसात कोटी लोकांना हिवताप व्हायचा आणि त्यातले आठ लाख मरायचे. १९५३ साली सरकारनं घरोघर डी.डी.टी. फवारायची मोहीम काढली. दहा-बारा वर्षांत रुग्णांचा आकडा वर्षाला एक लाखाच्या आसपास उतरला. तुमच्या आजी-आजोबांना विचारा. पाठीवर पंप घेतलेली माणसं यायची, भिंतींवर फवारा मारायची आणि दारावर तारीख लिहून जायची, हे त्यातल्या अनेकांना आठवत असेल. त्या फवाऱ्यानं किती मुलांचे प्राण वाचले असतील याची मोजदाद नाही.

मग चुकलं कुठं? जे घराच्या भिंतीवर मारायचं ते शेतात, मळ्यात, तळ्यात, सगळीकडे मारलं गेलं. आणि ते मारल्यावर संपतं कुठं, हा प्रश्न फार उशिरा विचारला गेला.

तो विचारायला लावला एका पक्ष्यानं. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये क्लिअर लेक नावाचं मोठं तळं आहे. तिथं गळ टाकून मासे पकडायला लोक हौसेनं जातात. पण तिथं चिलटं फार. ती चावत नसत, पण डोळ्यांत-नाकात शिरून जीव नकोसा करत. म्हणून १९४९ साली तळ्यात डी.डी.डी. टाकायचं ठरलं. हा डी.डी.टी.चा भाऊच, पण माशांना कमी अपायकारक समजला जाणारा. अगदी बेतानं, सात कोटी भाग पाण्याला एक भाग या हिशेबानं तो टाकला. चिलटं गेली. पण काही वर्षांनी परत आली. म्हणून १९५४ आणि १९५७ साली पुन्हा टाकला, या वेळी पाच कोटी भागांना एक भाग.

पाच कोटीत एक म्हणजे किती? तुमच्या गच्चीवर हजार लिटरची टाकी असेल तर अशा अडीच टाक्या डोळ्यांसमोर आणा. तेवढ्या पाण्यात औषधाचा एक थेंब. कुणीही म्हणेल, हे काय विष झालं?

पण तळ्यावरचे ग्रीब पक्षी मरू लागले. ग्रीब म्हणजे आपल्याकडच्या टिबुकलीच्या जातकुळीतला पक्षी, फक्त मोठा आणि लांब, डौलदार मानेचा. आधी तळ्यावर त्यांच्या हजारावर जोड्या होत्या. १९६०च्या सुमाराला तीसेक जोड्या उरल्या, आणि त्यांच्यासोबत पिल्लं दिसेनात. कुठला रोग म्हणावा तर तोही सापडेना. शेवटी कुणाला तरी सुचलं की मेलेल्या पक्ष्यांची चरबी तपासून बघू.

आणि मग तळ्यातल्या सगळ्यांचीच तपासणी झाली. आकडे नीट बघा. हे सगळे दहा लाख भागांत किती भाग, या मापात आहेत. पाण्यात औषध टाकलं होतं ०.०२. पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत ते निघालं सुमारे ५. ते जीव खाणाऱ्या माशांत ४० ते ३००. आणि त्या माशांवर जगणाऱ्या ग्रीबच्या चरबीत तब्बल १,६००!

गणित करून बघा. १,६०० भागिले ०.०२ म्हणजे ८०,००० पट. अमेरिकन लेखिका रेचल कार्सन यांनी १९६२ साली आपल्या 'सायलेंट स्प्रिंग' या पुस्तकात ही हकिगत सांगितली आणि जगभर खळबळ उडाली.

हे झालं कसं, ते आता तुम्हीच सांगू शकाल. सूक्ष्म जीवानं पाण्यातलं कणभर विष घेतलं. त्याला ते बाहेर टाकता येईना. लहान माशानं असे हजारो जीव खाल्ले. जीव पचले, विष राहिलं. मोठ्या माशानं असे शेकडो लहान मासे खाल्ले. मासे पचले, विष राहिलं. पक्ष्यानं रोज मासे खाल्ले. पुन्हा तेच. प्रत्येक पायरीवर खाणं पचून जातं, पण चरबीतलं विष तेवढं मागे राहतं. आपल्या वाण्याच्या उधारीच्या वहीसारखं. एकेक दिवसाची उधारी पाच-दहा रुपयांची असते, पण कधीच फेडली नाही तर वर्षाच्या शेवटी आकडा बघून डोळे पांढरे होतात!

इथं तुमच्यातला एखादा हुशार वाचक म्हणेल, "काका, त्या तळ्यात औषध टाकलं होतं म्हणून तसं झालं. जिथं कुणी काहीच टाकलं नाही, तिथली माणसं तर सुखरूप असतील ना?"

शाब्बास! हाच प्रश्न घेऊन आता आपण उत्तर ध्रुवाकडे निघू.

कॅनडात क्युबेक नावाचा प्रांत आहे. त्याच्या पार उत्तरेला नुनाविक हा भाग. तिथं समुद्राकाठी चौदा छोटी गावं आहेत आणि त्यांत इनुइट लोक राहतात. पूर्वी आपल्या पुस्तकांत ज्यांना एस्किमो म्हणत तेच हे लोक. दक्षिणेकडून या गावांना जोडणारा रस्तासुद्धा नाही. यायचं तर विमानानं, नाहीतर उन्हाळ्यात बोटीनं. तिथं शेती नाही, त्यामुळं फवारणी नाही. धूर ओकणारे कारखाने नाहीत. जगातली सगळ्यात स्वच्छ जागा कुठली, असं विचारलं तर कुणीही तिकडेच बोट दाखवलं असतं.

एरिक देवाई या डॉक्टरांनाही तसंच वाटलं होतं. ते क्युबेकमधल्या लाव्हाल विद्यापीठात संशोधन करायचे. १९८०च्या दशकात ते आणि त्यांचे सहकारी आईच्या दुधात कारखान्यांतली रसायनं किती उतरतात ते मोजत होते. त्यात मुख्य होती पी.सी.बी. ही तेलासारखी रसायनं. सहजासहजी पेट घेत नाहीत, तापून बिघडत नाहीत, म्हणून ती १९२९ पासून विजेच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये आणि इतर उपकरणांत वापरली जात होती. शहरातल्या आयांच्या दुधात ती सापडणार हे अपेक्षितच होतं. पण तुलना करायला एक 'स्वच्छ' नमुना हवा ना? तो आणावा म्हणून त्यांनी नुनाविकमधल्या आयांचं दूध तपासायला घेतलं.

नमुन्यांत काहीतरी गडबड झाली असावी असं वाटायला लावणारे आकडे आले. दक्षिणेकडच्या शहरांतल्या आयांच्या मानानं नुनाविकच्या आयांच्या दुधात पी.सी.बी. जवळजवळ पाचपट होती! जिथं एकही ट्रान्सफॉर्मरचा कारखाना नाही, तिथं.

कसं शक्य आहे हे? त्याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण वारा. ही रसायनं उन्हाच्या देशांत हळूहळू वाफ होऊन हवेत जातात. वारा त्यांना पुढं नेतो. थंडी लागली की ती पुन्हा जमिनीवर किंवा पाण्यावर उतरतात. ऊन पडलं की पुन्हा उडतात. नाकतोडा कसा टुणटुण उड्या मारत जातो, तशा उड्या मारत ती थंड प्रदेशाकडे सरकत राहतात. शास्त्रज्ञही या प्रवासाला नाकतोड्याचंच नाव देतात. ध्रुवाजवळ पोचल्यावर मात्र पुन्हा उडायला ऊब मिळत नाही. शिवाय अति थंडीत ती लवकर मोडतही नाहीत. त्यामुळं तिथंच साठतात.

दुसरं कारण आपण क्लिअर लेकला पाहिलं तेच. ध्रुवाकडच्या समुद्रातली पायऱ्यांची शिडी भलतीच लांब आहे. आधी शेवाळ, ते खाणारे तांदळाच्या दाण्याएवढे जीव, ते खाणारे मासे, मासे खाणारा सील, सील खाणारं पांढरं अस्वल. आणि तिथं जगायचं तर अंगावर चरबीचा जाड थर हवाच. सीलच्या आणि व्हेलच्या कातडीखाली तर चरबीची गादीच असते. म्हणजे विषाला राहायला ऐसपैस घर! आणि शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कोण? तो सील आणि ती व्हेल खाणारा माणूस. आणि त्याच्याही वर एक पायरी आहे, आईच्या दुधावर वाढणारं तान्हं बाळ.

आता विचार करा, तुम्ही तिथले डॉक्टर असता तर लोकांना काय सांगितलं असतं? सील खाऊ नका? बाळाला अंगावर पाजू नका?

इथंच खरी पंचाईत आहे. तिथं भाजीपाला पिकत नाही. व्हेलची कातडी आणि तिच्याखालची चरबी तिथले लोक आवडीनं खातात. त्याला ते मक्तुक म्हणतात. त्या कातडीत क जीवनसत्त्व असतं. लिंबू-संत्र्याशिवाय पिढ्यान् पिढ्या हे लोक स्कर्व्हीपासून वाचले ते अशा खाण्यामुळं. सीलच्या आणि माशांच्या चरबीत हृदयाला आणि मेंदूला लागणारी उत्तम स्निग्धद्रव्यं असतात. हे सोडायचं तर त्याऐवजी काय खायचं? विमानानं आलेले महागडे डबे, वेफर्स आणि गोड थंड पेयं? त्यानं तर दात, वजन, साखर, सगळ्याचाच बोऱ्या वाजतो. शिवाय शिकार करणं, ती गावात वाटून खाणं ही तिथली नुसती सवय नाही. गाव त्यावर उभं आहे.

आणि आईचं दूध? त्यात बाळाला रोगांपासून वाचवणारी जी शक्ती आहे ती डब्यातल्या दुधात नाही.

डॉक्टरांनी म्हणूनच फार जपून पावलं टाकली. त्यांनी मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं. ज्या बाळांच्या शरीरात ही रसायनं जास्त होती त्यांचे कान जास्त वेळा फुटत होते आणि त्यांना इतर संसर्गही जास्त होत होते, असं दिसून आलं. म्हणजे काळजीचं कारण नक्कीच होतं. तरीही आयांना निरोप दिला गेला तो असा : अंगावर पाजणं थांबवू नका. आपलं पारंपरिक खाणंही सोडू नका. फक्त ज्या चरबीत विष जास्त साठतं ती कमी खा, विशेषतः मूल व्हायच्या वयातल्या मुलींनी आणि बायकांनी. त्याऐवजी चार नावाचा मासा आणि कॅरिबू हरणाचं मांस खा. तो मासा शिडीवर खालच्या पायरीला असतो आणि कॅरिबू तर चारा-पाला खाऊन जगतो. बघा, शिडीचं गणित समजलं की उत्तरही त्यातूनच मिळतं.

पण एक प्रश्न उरतोच. खाणाऱ्यानं किती सांभाळायचं? विष ज्यांनी बनवलं ते हजारो मैल दूर. पर्यावरणाला जपून राहणारी माणसं मात्र ते आपल्या ताटात घेऊन बसलेली. हा न्याय झाला का?

हा प्रश्न जगासमोर ठेवला नुनाविकच्याच एका लेकीनं. शीला वॉट-क्लूतिए त्यांचं नाव. जन्म १९५३ सालचा. लहानपणी कुत्र्यांच्या घसरगाडीतून प्रवास करत वाढलेली ही मुलगी पुढं कॅनडातल्या इनुइट लोकांच्या संघटनेची अध्यक्ष झाली. अशा चिवट विषांवर बंदी घालायचा करार करण्यासाठी १९९८ पासून देशोदेशींचे प्रतिनिधी बैठका घेत होते. १९९९ सालच्या जानेवारीत ही बैठक आफ्रिकेत नैरोबीला भरली. शीलाताईंनी तिथं एक छोटीशी मूर्ती नेली होती, इनुइट कलाकारानं कोरलेली, आई आणि बाळाची. ती त्यांनी संयुक्त राष्ट्रसंघाच्या पर्यावरण विभागाच्या प्रमुखांना भेट दिली. मग ती बैठकीच्या अध्यक्षांच्या टेबलावर ठेवली गेली. टक्केवारी, टन, डॉलर अशा चर्चा चालू असताना समोर ती आई बाळाला घेऊन बसलेली असायची. आपण कुणासाठी भांडतोय ते कुणाला विसरायची सोयच नव्हती!

२००१ सालच्या मे महिन्यात स्वीडनमध्ये स्टॉकहोमला तो करार झाला. सुरुवातीला बारा विषांची यादी होती. त्यात डी.डी.टी. होतं, पी.सी.बी. होती, आणि प्लास्टिक-कचरा जाळल्यावर तयार होणारी डायॉक्सिनंही होती. १७ मे २००४ पासून करार लागू झाला. भारत २००६ साली त्यात सामील झाला. डी.डी.टी.साठी एक फट मात्र मुद्दाम ठेवली. हिवतापासारखे रोग पसरवणारे डास मारायला, दुसरा उपाय नसेल तर, ते वापरता येतं. कारण एकीकडे विष आणि दुसरीकडे ताप असा तो पेच होता, आणि दोन्हीकडे मुलंच होती.

मग फरक पडला का? पडला! नुनाविकच्या आयांच्या रक्तात डी.डी.टी. आणि पी.सी.बी. १९९०च्या दशकात होती त्याच्या निम्म्याहूनही खाली आली आहेत. अजून पूर्ण गेली नाहीत, कारण चिवट आहेत ना. आणि नवनवी रसायनंही तिकडे पोचताहेत. त्यातली काही तर चरबीऐवजी रक्तात आणि यकृतात मुक्काम करतात. म्हणून करारातली यादीही वाढत जाऊन तिशीच्या पुढं गेली आहे. पण बनवणं थांबवलं की ताटातलं कमी होतं, एवढं तर सिद्ध झालं.

आता परत येऊ आपल्या मैत्रिणीच्या स्वयंपाकघरात.

बाबांची शंका निराधार नाही. शेतात मारलेलं औषध कडब्यावर, पेंडीत उतरायचं. ते म्हशीच्या पोटात जायचं. आणि म्हशीच्या शरीराला चरबीतलं विष बाहेर टाकायचा सोपा रस्ता म्हणजे दूध. कारण दुधात काय असतं? साय! भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं बारा राज्यांतून दुधाचे २,२०५ नमुने तपासले होते. १९९३ साली त्याचा अहवाल आला. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत डी.डी.टी. सापडलं, आणि सुमारे ३७ टक्क्यांत ते ठरवलेल्या मर्यादेच्या वर होतं. शेतीसाठी डी.डी.टी. वापरायला सरकारनं १९८९ सालीच बंदी घातली होती. बंदी आली तरी मातीतलं आणि चरबीतलं लगेच जात नाही, हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको.

पण हा आकडा त्या वेळचा आहे, हे विसरू नका. तो वाचून आज तूप बंद करणं म्हणजे नुनाविकच्या आईला बाळाला पाजू नको सांगण्यासारखं झालं. दूध, दही, तूप यांतून तुमच्या वाढत्या वयाला जे मिळतं ते टाकून देण्यासारखं नाही. आणि कुठला एकच पदार्थ सोडून ही विषं टाळता येतील असंही नाही, कारण ती थोडी थोडी मासळीत, मटणात, अंड्यातही असू शकतात. तेव्हा ताटात सगळं असावं, बेतानं असावं. डाळी, भाज्या, फळं भरपूर असावीत, कारण ती शिडीच्या सगळ्यात खालच्या पायरीवर आहेत. भाज्या-फळं मात्र धुऊन घ्या. वरण-भातावर चमचाभर तूप घ्या. वाटीभर नको! मटणाच्या रश्शावर चरबीचा जाड थर आला तर तो काढून टाकला तरी चालतो.

म्हणजे आजीचं बरोबर. तूप खावं.

आणि बाबांचंही बरोबर. तुपात काय येतं, हे विचारावंच. क्लिअर लेकला पक्ष्यांची चरबी कुणी तपासलीच नसती, नुनाविकला दूध कुणी मोजलंच नसतं, तर कुठलाच करार झाला नसता. फक्त बाबांनी प्रश्न थोडा मागं न्यायला हवा. ताटातून काय काढायचं, याच्या आधी ताटात येतं कुठून, हा प्रश्न आहे.

आणि तिथं तुम्हीही बरंच काही करू शकता. शेकोटीत आणि होळीत प्लास्टिक, टायर, वायरचे तुकडे टाकू नका, दुसऱ्यालाही टाकू देऊ नका. त्या धुरातली डायॉक्सिनं गवतावर बसतात, गवत गाय खाते आणि पुढची शिडी तुम्हाला पाठ आहे. घरी शेती असेल तर औषधाचा रिकामा डबा कितीही घासून ठेवलेला असो, त्यात दूध, तेल, पाणी भरू देऊ नका. फवारणी चालू असलेल्या बांधावरचं गवत कापून गुरांना घालू नका. आणि एक गंमत लक्षात आली का? कीटकनाशकाला आपण सगळेच 'औषध' म्हणतो. मीही या लेखात कितीदा म्हटलं बघा! ज्याला औषध म्हणतो त्याची भीती कशी वाटणार? निदान डब्यावर तरी मोठ्या अक्षरांत 'विष' असं लिहून ठेवा.

मैत्रिणी, तुझ्या घरातलं भांडण मिटलं की नाही ते कळव. आणि हो, तुझी आई सगळ्यांत शहाणी आहे. तिनं वरण-भात वाढणं थांबवलं नाही!

बाकीच्या दोस्तांनी हळदीचा प्रयोग करायचा आहे. आणि आजी-आजोबांना विचारायचं आहे की त्यांच्या घराच्या दारावर फवारणीची तारीख कधी लिहिली गेली होती का, आणि त्या आधी गावात तापानं किती जण आजारी पडायचे. ते जे सांगतील ते लिहून पाठवा. चांगल्या पत्रांतल्या हकिगती याच पानावर देऊ.

तोवर, फणस कापायचा असेल तर आधी हाताला तेल लावा!